दुसऱ्याच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर: सी प्रोग्राममधली नॉन-रीएन्ट्रंट फंक्शनं कशी शोधायची आणि कशी काढायची

सी मध्ये लिहिलेला एक लॉगिन सर्व्हर घ्या. प्रत्येक रिक्वेस्टला एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारा एक प्रवाह. थ्रेड पासवर्ड घेतो, साठवलेला हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूप) काढतो, दोन्ही 'क्रिप्ट' फंक्शनला देतो आणि परत आलेली स्ट्रिंग 'स्ट्रकंप'ने साठवलेल्या हॅशशी ताडून पाहतो. जुळली की आत. पाठ्यपुस्तकात असाच कोड असतो आणि एका थ्रेडपुरता तो बरोबरही आहे.

आता हल्लेखोर एका खातेदाराच्या नावाने चुकीचे पासवर्ड सतत पाठवतोय असं धरा. त्याच्या थ्रेडने क्रिप्ट बोलावलं, पॉइंटर हातात आला. तुलना व्हायच्या आत खरा खातेदार दुसऱ्या थ्रेडवर बरोबर पासवर्ड देऊन लॉगिन करतो. क्रिप्ट आपलं उत्तर लायब्ररीच्या आतल्या एकाच स्टॅटिक जागेत लिहितं, त्यामुळे हल्लेखोराच्या हातातला पॉइंटर आता खातेदाराच्या बरोबर हॅशकडे बोट दाखवतोय. स्ट्रकंप शून्य देतं आणि हल्लेखोर आत येतो. पासवर्ड फुटला नाही, बफर ओसंडला नाही, प्रोग्राम कोसळला नाही.

अशा नॉन-रीएन्ट्रंट, म्हणजे उत्तर किंवा अवस्था आतल्या सामाईक जागेत ठेवणाऱ्या, फंक्शनांबद्दल बोलताना बहुतेक जण 'प्रोग्राम क्रॅश होतो' एवढंच सांगतात. क्रॅश झाला तर उलट बरं, निदान कुणाचं लक्ष तरी जातं. खरी भीती याची आहे की फंक्शन बरोबर उत्तर देतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रश्नाचं असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हेच डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या आहेत. फंक्शनांची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. शेवटी '_आर' असलेलं नाव म्हणजे त्याच फंक्शनची रीएन्ट्रंट आवृत्ती.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

'थ्रेड-सेफ' आणि 'रीएन्ट्रंट' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. या गोंधळातूनच निम्म्या चुकीच्या दुरुस्त्या होतात.

फंक्शन थ्रेड-सेफ आहे म्हणजे अनेक थ्रेडनी ते एकाच वेळी बोलावलं तरी चालतं. त्यासाठी आत लॉक असला तरी हरकत नाही. रीएन्ट्रंट म्हणजे ते अर्धवट चालू असताना त्याच थ्रेडमध्ये पुन्हा सुरू झालं तरी बिघडत नाही. सिग्नल हँडलर नेमकं हेच करतो: चालू फंक्शन मध्येच थांबवून स्वतःचं काम करतो. 'मॅलॉक' थ्रेड-सेफ आहे, पण सिग्नल हँडलरमधून बोलावण्याजोगं नाही. हँडलर सुरू झाला तेव्हा मॅलॉकने लॉक धरलेला असेल तर हँडलर त्याच लॉकची वाट पाहत बसेल, आणि तो लॉक सोडणारा कोड हँडलर संपेपर्यंत चालणारच नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. काही फंक्शनं आत लॉक घेतात, काम नीट करतात, लॉक सोडतात आणि मग सामाईक स्टॅटिक बफरचा पॉइंटर हातात देतात. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतलं 'लोकलटाइम' असंच आहे. आतलं काम सुरक्षित, उत्तर मात्र चव्हाट्यावर. लॉक आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

पहिली पायरी: बायनरीला विचारा

कोडमध्ये नावं शोधत बसण्याआधी तयार झालेल्या बायनरीवर 'एनएम' हे बायनरीतली नावं दाखवणारं साधन चालवा, '-डी' आणि '--अनडिफाइन्ड-ओन्ली' हे पर्याय देऊन. प्रोग्राम बाहेरच्या लायब्ररीतून काय काय मागतो याची पूर्ण यादी मिळते. मॅक्रोच्या आड लपलेली नावंही त्यात दिसतात, जी साध्या ग्रेपला सापडत नाहीत. हेच तुमच्या प्रत्येक शेअर्ड लायब्ररीवर आणि प्लगिनवरही करा. थ्रेड तुमचे असतात, पण लोकलटाइम बोलावणारी एखादी जुनी लॉगिंग लायब्ररी असते, असं फार वेळा आढळतं.

यादीत ही नावं पाहा: स्ट्रटोक, क्रिप्ट, गेटपीडब्ल्यूनॅम, गेटपीडब्ल्यूयूआयडी, गेटजीआरनॅम, लोकलटाइम, जीएमटाइम, सीटाइम, ॲस्कटाइम, गेटहोस्टबायनेम, आयनेट_एनटोए, स्ट्रएरर, रँड, सेटएन्व्ह, पुटएन्व्ह, सेटलोकेल, टीटीवायनेम, टीएमपीनॅम. यादी एवढ्यावर संपत नाही. शंका आली की लिनक्सच्या मॅन पेजमधला 'ॲट्रिब्यूट्स' हा भाग उघडा. तिथे 'एमटी-सेफ' किंवा 'एमटी-अनसेफ' (एमटी म्हणजे मल्टी-थ्रेड) असा शेरा असतो आणि त्यापुढे कारणही: स्ट्रटोकसमोर 'रेस:स्ट्रटोक' (रेस म्हणजे एकाच जागेसाठी दोन थ्रेडची चढाओढ), आणखी काहींसमोर 'एन्व्ह' किंवा 'लोकेल'. हा तक्ता वाचायची सवय लागली की निम्मं काम तिथेच होतं.

मग क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनातली 'कन्करन्सी-एमटी-अनसेफ' ही तपासणी चालवली की फाइल आणि ओळ क्रमांकासह जागा मिळतात.

दुसरी पायरी: क्रम लावा

मोठ्या कोडमध्ये अशा शेकडो जागा निघू शकतात. त्या वर्णानुक्रमे दुरुस्त करायला घेणं हा वेळेचा अपव्यय आहे. मी असा क्रम लावतो.

सगळ्यात आधी 'कोण आहे' आणि 'काय करू शकतो' हे ठरवणाऱ्या जागा. क्रिप्ट वर पाहिलंच. गेटपीडब्ल्यूनॅमची गत तीच: एका थ्रेडने साध्या वापरकर्त्याची नोंद मागितली, दुसऱ्याने त्याच क्षणी 'रूट'ची मागितली, आणि पहिल्याने पॉइंटरमधला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) उचलून सेटयूआयडीला दिला, तर तो शून्य, म्हणजे सर्वाधिकारी रूटचा, असू शकतो. शिवाय जीलिबसीमध्ये नोंद मोठी निघाली की आतला बफर वाढवून दुसरीकडे हलवला जाऊ शकतो. मग जुन्या पॉइंटरखालची मेमरी आधीच सोडून दिलेली असते.

त्यानंतर बाहेरून आलेला मजकूर फोडणारं स्ट्रटोक. ते 'कुठवर आलो' हा पॉइंटर आपल्या आत एकाच जागी ठेवतं. दोन थ्रेड ते एकाच वेळी वापरत असतील तर पहिला थ्रेड नकळत दुसऱ्याच्या रिक्वेस्टचे तुकडे वाचू लागतो, म्हणजे एका ग्राहकाचा टोकन किंवा कुकी दुसऱ्याच्या प्रक्रियेत जाते. एवढंच नाही. स्ट्रटोक प्रत्येक तुकड्याच्या शेवटी शून्य बाइट लिहितं, तेही दुसऱ्याच्या बफरमध्ये. तो बफर दुसऱ्या थ्रेडच्या स्टॅकवर असेल आणि ते फंक्शन परतलं असेल, तर हे लिखाण मोकळ्या स्टॅकवर होतं. इथून पुढे गोष्ट मेमरी भ्रष्ट करण्यापर्यंत पोचते.

मग वेळ. जीलिबसीमध्ये लोकलटाइम आणि जीएमटाइम यांचा बफर एकच आहे. भारतातल्या सर्व्हरवर याचं लक्षण ओळखू येतं: लॉगमध्ये अधूनमधून एखादी ओळ बरोबर साडेपाच तास मागे गेलेली दिसते. लॉग हे पुढे पुरावा म्हणून वापरायचे असतील तर हे छोटं प्रकरण नाही. आणि टोकनची मुदत याच फंक्शनांच्या उत्तरावरून ठरत असेल, तर संपलेलं टोकन जिवंत ठरू शकतं. मुदतीची तुलना नेहमी सरळ 'टाइम_टी' आकड्यांवर करा. वर्ष-महिना-दिवस अशी फोडलेली तारीख फक्त माणसाला दाखवण्यासाठी.

आयनेट_एनटोए शेवटी. चुकीचा आयपी लॉगमध्ये जातो, आणि त्या लॉगवरून आपोआप पत्ते बंद करणारी यंत्रणा असेल तर निरपराध पत्ता बंद होतो.

तिसरी पायरी: बदल, आणि बदलातले सापळे

'_आर लावा आणि पुढे चला' हा सल्ला अर्धाच खरा आहे.

गेटपीडब्ल्यूनॅम_आर: बफर तुम्ही द्यायचा. आकारासाठी सिसकॉन्फला विचारता येतं, पण ते उणे एक देऊ शकतं, आणि ते उत्तर तसंच मॅलॉकला दिलं तर प्रचंड मोठा आकार मागितला जातो. एक-दोन किलोबाइटपासून सुरुवात करा, 'ईरेंज' (बफर अपुरा) आलं की दुप्पट करा आणि वर एक मर्यादा ठेवा. त्रुटीचा क्रमांक एररनोमध्ये नाही, परतीच्या मूल्यात येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: परतीचं मूल्य शून्य आणि निकालाचा पॉइंटर नल, याचा अर्थ 'असा वापरकर्ता नाही'. शून्य म्हणजे यश असं धरून पुढे गेलात तर न भरलेल्या नोंदीतून यूआयडी वाचाल. रेस काढताना नवं भोक पाडण्याची ही अगदी नेहमीची जागा.

क्रिप्ट_आर: सोबत एक मोठं स्ट्रक्चर द्यावं लागतं. जुन्या जीलिबसीत ते सव्वालाख बाइटांहून मोठं होतं, क्रिप्टच्या लिबएक्सक्रिप्ट या स्वतंत्र लायब्ररीत ३२,७६८ बाइट आहे. ते थ्रेडच्या स्टॅकवर ठेवू नका. हीपवर घ्या, आधी शून्याने भरा, काम झाल्यावर 'एक्सप्लिसिट_बीझीरो'ने पुसा. साधं मेमसेट कंपायलर अनावश्यक समजून काढून टाकू शकतो. परतीचं मूल्य नल असू शकतं, तेही तपासा.

स्ट्रटोक_आर: अवस्था तुमच्या पॉइंटरमध्ये राहते, म्हणून रेस जाते. पण ते लागोपाठची विभाजक चिन्हं गिळून टाकतं, त्यामुळे रिकामं क्षेत्र दिसतच नाही. 'नाव::भूमिका' या ओळीत मधलं रिकामं क्षेत्र गायब झालं की भूमिका पासवर्डच्या जागी सरकते. कोलनने विभागलेल्या नोंदींसाठी 'स्ट्रसेप' बरं, किंवा सरळ 'स्ट्रसीएसपीएन' वापरून मूळ स्ट्रिंगला हात न लावता फोडा. मला हे शेवटचंच आवडतं.

लोकलटाइम_आर: पॉझिक्स या युनिक्सवर्गीय सिस्टिमच्या मानकाप्रमाणे याने टाइमझोनची माहिती स्वतःहून वाचलीच पाहिजे असं बंधन नाही. म्हणून थ्रेड सुरू होण्यापूर्वी एकदा 'टीझेडसेट' बोलावून ठेवा. विंडोजवर लोकलटाइम_एस आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत आणि सी११ च्या परिशिष्टातल्या आवृत्तीत दोन पॅरामीटरचा क्रम उलटा आहे. दोन्हीकडे चालणारा कोड लिहिताना कंपायलरची ती चेतावणी दाबू नका.

सीटाइम आणि ॲस्कटाइम यांना _आर आवृत्तीही नको. २६ बाइटांचा साचा ठरलेला, चार आकडी वर्षाच्या पुढे गेलं की मानकाप्रमाणे वर्तन अनिश्चित. सी२३ ने ही दोन्ही कालबाह्य ठरवली. 'स्ट्रएफटाइम' वापरा.

स्ट्रएरर_आर हा एक वेगळाच विनोद आहे. याच नावाची दोन फंक्शनं आहेत. पॉझिक्सचं फंक्शन पूर्णांक परत देतं आणि संदेश तुमच्या बफरमध्ये लिहितं. जीएनयूचं फंक्शन स्ट्रिंगचा पॉइंटर परत देतं आणि तुमच्या बफरला हात लावेलच असं नाही. '_जीएनयू_सोर्स' हा मॅक्रो कुठेतरी लागलेला असेल आणि तुम्ही परतीचं मूल्य सोडून बफर लॉगमध्ये छापला, तर स्टॅकवरचा जुना कचरा लॉगमध्ये जातो, आणि त्या कचऱ्यात काय असेल ते सांगता येत नाही. जीलिबसी २.३२ पासून साधं स्ट्रएररसुद्धा प्रत्येक थ्रेडचा वेगळा बफर वापरतं. फक्त लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या कोडमध्ये तेच पुरेसं आहे.

गेटहोस्टबायनेमऐवजी गेटॲड्रइन्फो, आयनेट_एनटोएऐवजी आयनेट_एनटॉप. त्याला ४६ बाइटांचा बफर द्या, आयपीव्ही६ चा पत्ताही मावतो. जीलिबसीत आयनेट_एनटोएचा बफर प्रत्येक थ्रेडला वेगळा असतो, पण एकाच प्रिंटएफमध्ये दोनदा बोलावलं तर दोन्ही जागी एकच पत्ता छापला जातो. थ्रेड-लोकल जागेने थ्रेडमधली रेस जाते, पण त्याच थ्रेडमधली पुनर्वापराची चूक तशीच राहते.

रँड_आर वापरून टोकन बनवू नका. त्याची सगळी अवस्था एका अनसाइन्ड इंटमध्ये मावते, म्हणजे अंदाज बांधायला सोपं. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीतल्या साध्या रँडमध्ये लॉकच नाही, त्यामुळे दोन थ्रेडना एकच आकडा मिळू शकतो, म्हणजे दोन सत्रांना एकच ओळखक्रमांक. सुरक्षेसाठी 'गेटरँडम' (लिनक्स ३.१७ पासून) किंवा 'एआरसी४रँडम' (जीलिबसी २.३६ पासून). यात तडजोड नको.

आणि एक उलटं उदाहरण: 'रीडडिर_आर'. हे रीएन्ट्रंट आहे म्हणून लोक आवर्जून वापरायचे. पण त्याला बफरचा आकार सांगायची सोयच नाही. सीव्हीई-२०१३-४२३७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटीचा सार्वजनिक नोंदणी क्रमांक) मध्ये नेमकं हेच झालं: मुद्दाम बनवलेल्या एनटीएफएस किंवा सीआयएफएस फाइल सिस्टिमवरच्या लांब नावामुळे बफरबाहेर लिखाण होत होतं. जीलिबसी २.२४ ने ते फंक्शन कालबाह्य ठरवलं. साधं रीडडिर, प्रत्येक थ्रेडने आपली स्वतंत्र डिरेक्टरी उघडून वापरलं, तर ठीक चालतं.

लॉक लावला तर?

लावता येतो, पण दोन अटींवर. पहिली: निकालाची प्रत लॉक सोडण्याआधी घ्यायची. फक्त फंक्शनभोवती लॉक लावून पॉइंटर बाहेर दिला तर लॉक नसल्यासारखंच आहे. स्ट्रक्चरची प्रत घेताना आतल्या स्ट्रिंगचीही घ्यायची, नुसते पॉइंटर नाहीत. दुसरी अट तुमच्या हातात नाही: तेच फंक्शन बोलावणाऱ्या प्रत्येक लायब्ररीने तुमचाच लॉक घेतला पाहिजे. ती घेत नाही. म्हणून लॉक हा माझ्या लेखी शेवटचा उपाय.

एन्व्हायर्नमेंटच्या बाबतीत तर लॉक जवळजवळ निरुपयोगी, कारण गेटएन्व्ह लायब्ररीच्या पोटातून कुठूनही बोलावलं जातं, अगदी टाइमझोन किंवा डीएनएससाठीही. नियम साधा ठेवा: सेटएन्व्ह फक्त मेनमध्ये, पहिला थ्रेड सुरू होण्यापूर्वी. रस्ट भाषेने २०२४ च्या एडिशनमध्ये एन्व्हायर्नमेंट बदलणारं फंक्शन 'अनसेफ' ठरवलं, त्यामागे सीमधलीच ही अडचण आहे. सेटलोकेलला हाच नियम. थ्रेडनिहाय लोकेल हवं असेल तर 'यूजलोकेल'.

चौथी पायरी: सिग्नल

इथे एकच थ्रेड असला तरी धोका असतो, आणि त्याचं ठसठशीत उदाहरण ओपनएसएसएच या दूरवरून लॉगिन करू देणाऱ्या सर्व्हरमध्ये सापडलं.

ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ मांडणीत १२० सेकंदांत, लॉगिन झालं नाही तर सर्व्हरला सिगअलार्म हा सिग्नल येतो. त्याचा हँडलर लॉग लिहायला 'सिसलॉग' बोलावत होता. जीलिबसीचं सिसलॉग आत मॅलॉकपर्यंत जातं. मुख्य कोड मॅलॉकच्या मध्यावर असताना हा सिग्नल आला तर हीप अर्धवट अवस्थेत असते आणि हँडलर त्याच हीपवर काम सुरू करतो. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ३२ बिट लिनक्सवर हे प्रत्यक्ष करून दाखवलं: सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न, सहा ते आठ तास, आणि लॉगिन न करता दूरवरून रूटचा शेल. ही सीव्हीई-२०२४-६३८७, दुरुस्ती १ जुलै २०२४ ला आलेल्या ९.८पी१ मध्ये.

हीच चूक २००६ मध्ये सापडून, सीव्हीई-२००६-५०५१ या क्रमांकाने नोंदली जाऊन, ४.४पी१ मध्ये काढली गेली होती. पुढे लॉगिंगची पुनर्रचना करताना एक '#इफडेफ' गळला आणि ८.५पी१ मध्ये ती परत आली. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमला धक्का लागला नाही, कारण तिथला हँडलर 'सिसलॉग_आर' बोलावतो, जे सिग्नलमध्ये चालावं म्हणूनच बनवलेलं आहे.

तुमच्या कोडमध्ये काय करायचं? हँडलरमध्ये 'व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी' प्रकारचा झेंडा उभारा, किंवा पाइपमध्ये 'राइट'ने एक बाइट टाका. त्यापलीकडे काही नको. राइट वापरलंत तर एररनो आधी जपून ठेवा आणि शेवटी परत लावा. थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये त्याहून स्वच्छ रस्ता असा: मेनमध्ये, थ्रेड निर्माण करण्याआधी, पीथ्रेड_सिगमास्कने सिग्नल रोखा आणि एक स्वतंत्र थ्रेड 'सिगवेट'वर बसवा. तो थ्रेड साध्या कोडसारखा चालतो, त्यात सिसलॉगही चालतं. अनेक थ्रेड असताना फोर्क केलं तर चाइल्डमध्ये एक्झेक होईपर्यंत हँडलरसारखीच मर्यादा असते: सिग्नलमध्ये चालणारी मोजकी फंक्शनंच बोलवायची. शक्य तिथे 'पॉझिक्स_स्पॉन' वापरा.

पाचवी पायरी: मुद्दाम बिघडवून पाहा

थ्रेडसॅनिटायझर हे चालू प्रोग्राममधल्या रेस पकडणारं साधन चालवा: '-एफसॅनिटाइझ=थ्रेड' देऊन पुन्हा कंपाइल करायचं. प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो, मेमरीही ५ ते १० पट लागते, म्हणून हे चाचणीपुरतंच. त्याचा अहवाल कोरा आला म्हणून निवांत होऊ नका. लायब्ररीच्या आत होणारं लिखाण त्याला सगळंच दिसतं असं नाही. जीलिबसी स्वतः त्या पर्यायाने कंपाइल केलेली नसते.

म्हणून माझा भर दुसऱ्या युक्तीवर असतो. एक छोटी शेअर्ड लायब्ररी लिहा, जिच्यात क्रिप्ट नावाचंच फंक्शन असेल. ते 'डीएलसिम'ने खरं क्रिप्ट शोधून बोलावेल, मग पाच मिलिसेकंद झोपेल आणि मगच पॉइंटर परत देईल. 'एलडी_प्रीलोड'ने ती लायब्ररी चढवा. एका बाजूने बरोबर पासवर्डचा आणि दुसऱ्या बाजूने त्याच खात्यावर चुकीच्या पासवर्डचा मारा करा. मायक्रोसेकंदाची फट आता दारासारखी उघडी असते. चुकीचा पासवर्ड एकदा जरी स्वीकारला गेला, तरी 'हे प्रत्यक्षात कधी होणार' हा वाद तिथेच संपतो. गेटपीडब्ल्यूनॅम आणि लोकलटाइमसाठी हेच करा. प्रत्यक्ष वापरात आधी दिसणारं लक्षण मात्र उलटं असतं: 'पासवर्ड बरोबर असून कधीकधी नाकारला जातो, पुन्हा टाकला की चालतो.' अशी तक्रार नेटवर्कच्या माथी मारण्याआधी एकदा क्रिप्ट कुठे वापरलंय ते पाहा.

सहावी पायरी: परत येऊ देऊ नका

ओपनएसएसएचसारख्या कसून तपासल्या जाणाऱ्या कोडमध्ये चूक चौदा वर्षांनी परतली, म्हणून लक्षात ठेवण्यावर भिस्त नको. जीसीसीमध्ये '#प्राग्मा जीसीसी पॉइझन' लिहून पुढे नको असलेली नावं द्या. त्यानंतर ते नाव कुठेही आलं की कंपायलर अडतो. हे सगळ्या सिस्टिम हेडरच्या नंतर यायला हवं, नाहीतर हेडरच अडतील. गिट प्रकल्पात याच कामासाठी 'बॅन्ड.एच' नावाची फाइल आहे. त्यात लोकलटाइम, जीएमटाइम, सीटाइम, ॲस्कटाइम, स्ट्रटोक यांचे असे मॅक्रो केलेत की वापरल्यास कंपाइलच होत नाही, आणि त्रुटीच्या संदेशात 'सॉरी' म्हणून फंक्शनचं नावही येतं. ती फाइल वाचून आपल्या प्रकल्पाला जुळेल तशी करून घ्या. शिवाय पहिल्या पायरीतली एनएमची तपासणी बिल्डच्या शेवटी जोडा: बंदी घातलेलं नाव यादीत दिसलं की बिल्ड नापास.

राहतो प्रश्न सोर्स न मिळणाऱ्या बाहेरच्या लायब्ररीचा, ज्यांच्या आत काय चाललंय ते बदलता येत नाही. अशी लायब्ररी थ्रेडच्या सर्व्हरमध्ये जोडू नका. ती एकाच थ्रेडच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, कमी अधिकारांच्या खात्यावर चालवा आणि सॉकेटवरून तिच्याशी बोला. वेग थोडा कमी होईल. पासवर्ड तपासण्याच्या कामात हॅशच मुद्दाम संथ ठेवलेला असतो, त्यामुळे सॉकेटचा तो उशीर मोजायलाही सापडणार नाही.